डावी काच

"आता उजवा डोळा मिटा काका," ती मुलगी म्हणाली, "आणि फक्त डाव्यानं बघा. आकडे स्पष्ट दिसेपर्यंत डावीकडचं बटण फिरवत राहा."

एवढंच झालं. कुणी धक्का दिला नाही, कुणी अंगावर ओरडलं नाही. काटोल रोडला एका कॉलेजमागच्या मैदानात, मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी साडेनऊला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या एक्कावन्न वर्षांच्या माणसाला चोवीस वर्षांच्या मुलीनं उजवा डोळा मिटायला सांगितलं. मी मिटला. तोंडावर बांधलेल्या, ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दाखवणाऱ्या त्या काळ्या डब्यातून मैदान गेलं, हिरवी जाळी गेली, कोपऱ्यातले बॅटरीचे आकडे गेले. उरली ती आठ महिन्यांपासून ओळखीची झालेली राखाडी जागा. दिवसा गोधडी तोंडावर घेऊन पडलं की दिसते तशी, कडेला जरा उजेड आणि मध्ये काही नाही. मी बटण फिरवायला लागलो. एका बाजूनं फिरवलं, दुसऱ्या बाजूनं फिरवलं, पुरेसा वेळ गेल्यासारखा वाटला तेव्हा थांबलो. "दिसतंय?" तिनं विचारलं. "दिसतं ना," मी म्हणालो. "क्लिअर?" "एकदम." आणि मग उजवा डोळा उघडला तेव्हा मैदान होतं तिथंच होतं, फक्त माझ्या पाठीतून घामाची धार खाली चालली होती. खोटं बोलायची मला आता सवय झाली आहे असं मी समजत होतो. सवय झाली असती तर घाम कशाला आला असता?

डाव्या डोळ्याच्या पडद्यामागची नस बंद झाली आहे, हे मला धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी जुलैत सांगितलं. बीपीमुळे होतं म्हणाले. थोडं परत येईल, फार येणार नाही म्हणाले. मी तिथून निघालो, स्कूटर घेतली आणि एका डोळ्यानं मानेवाड्यापर्यंत घरी आलो. दारात पुष्पलतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काय म्हणाले डॉक्टर असं विचारलं तर मी म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढला. ते वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि मग त्याच्या मागे मी गेलो. त्या वाक्यामागे जात जात आठ महिने झाले. नवीन चष्मा केला, त्याची डावी काच उगाच जाड करून घेतली. घरात चहा कपाच्या शेजारी ओतला तर म्हणायचं, हात थरथरतो. ओट्याची पायरी चुकली तर म्हणायचं, लक्ष नव्हतं. माणसाकडे लक्ष नसणं लोक किती सहज मान्य करतात याचं मला आश्चर्य वाटतं. नजर नसणं मात्र कुणी मान्य करत नाही, निदान माझ्या कामात तरी नाही.

माझं काम क्रेन चालवण्याचं. बुटीबोरीच्या एका कारखान्यात छतालगत दोन रुळांवरून फिरणारी क्रेन असते, तिच्या काचेच्या खोलीत मी बावीस वर्षं बसतो आहे. खाली पोलादी पट्ट्याच्या गुंडाळ्या, आम्ही त्यांना कॉइल म्हणतो, एकेक अकरा टनांची. ती उचलायची, शॉपच्या, म्हणजे आमच्या शेडच्या, या टोकाहून त्या टोकाला न्यायची आणि लाकडी बैठकीवर अशी ठेवायची की आवाज येऊ नये. खाली एक माणूस हातांनी इशारे देतो: वर, खाली, हळू, थांब. माझ्यासाठी तो माणूस गेली अकरा वर्षं सुशील आहे. शेवटचे दोन हात राहिले की तो कॉइलला तळहात लावून तिला सरळ करतो. म्हणजे अकरा टन पोलाद आणि सुशीलची छाती यांच्यामध्ये किती जागा आहे, ते वरून मला कळायला पाहिजे. दोन डोळ्यांनी ते कळतं, आपोआप कळतं, आपण कळून घेतो आहोत हेही कळत नाही. एका डोळ्यानं कळत नाही. एका डोळ्याला जग भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरसारखं दिसतं. जवळचं आणि लांबचं एकाच कागदावर.

म्हणून ड्रोनच्या शिक्षणासाठी नावं मागितली तेव्हा मी सगळ्यात आधी हात वर केला. कारखान्याची छपरं, धुराडं, उंचावरचे पाइप, हे आता माणूस चढवून तपासायचे नाहीत, ड्रोनच्या कॅमेऱ्यातून तपासायचे, असं ठरलं होतं. पाच दिवस शिकायचं, शनिवारी परीक्षा. पास झालो तर एक एप्रिलपासून तपासणीच्या तुकडीत बदली. म्हणजे कुणाला काही न सांगता क्रेनवरून उतरणं. मधले तीन आठवडे मात्र क्रेनच. पुढच्या सोमवारी पहिली पाळी. तीन आठवडे म्हणजे काय, मी स्वतःला सांगत होतो, आठ महिने काढले तिथं तीन आठवडे काय. आठ महिन्यांत एक कॉइल बैठकीच्या बाहेर पडली नव्हती. नजर गेली तरी हात शाबूत आहे, हाताला बावीस वर्षांचं माहीत आहे, असं मी म्हणायचो. मनातल्या मनात, अर्थात. पण म्हणताना छाती थोडी फुगायची, हे लपवून काय करू.

आणि त्या मैदानात तर भलतंच झालं. ती मुलगी, वैभवी तिचं नाव, तिनं मातीत कमानी रोवल्या होत्या, पोरींच्या कवायतीतल्या कड्यांसारख्या गोल. डबा तोंडावर बांधून, हातातल्या रिमोटच्या दोन कांड्या बोटांनी हलवत, ड्रोनच्या डोळ्यानं पाहत त्या कमानींतून जायचं. आमच्या इलेक्ट्रिकल खात्यातले चौघं माझ्याबरोबर होते, तिशीतले, मोबाईलवर गाड्या पळवणारे. ते कमानीला जाऊन आदळायचे. कमान दोन हातांवर आहे की सहा हातांवर, त्यांना उमगत नव्हतं. अंकित म्हणून त्यातला एक, चिडून डबा काढायचा आणि म्हणायचा, "च्यायला, डेप्थच नाही यात!" मी डब्याच्या आत हसलो. मग हसलो याची भीती वाटली. कारण मला काही कमी वाटतच नव्हतं. ड्रोनला एकच डोळा होता. त्या डब्यात सगळ्यांना मला दिसतं तसंच दिसत होतं. मी ड्रोन कमानीसमोर नेला, थोडा डावीकडे सरकवला, थोडा उजवीकडे. जवळची गोष्ट जास्त सरकते, लांबची कमी. ते बघून अंतर धरलं आणि मधून गेलो. दुसरीतून गेलो. पाचही कमानींतून गेलो. "काका!" वैभवी ओरडली, "काय मस्त! आधी उडवलाय का कधी?" बऱ्याच दिवसांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मला आनंद झाला की चोरी पकडल्यासारखं झालं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आताही येत नाही. नंतर ती जवळ येऊन म्हणाली, "फक्त मान हलवू नका. डबा लावल्यावर मान हलवून काही होत नाही, काका. तुम्ही सारखी मान हलवता." मी मान हलवत होतो हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री नाही, तिथंच त्या खुर्चीत, दुसऱ्याची पाळी चालू असताना मला बैलबाजार आठवला. आम्ही सावनेरकडचे, बाप शेती करायचा. बैल घ्यायचा झाला की बाप त्याच्या बाजूला उभा राहून तळहात हळूच डोळ्याजवळून न्यायचा. आधी या डोळ्याजवळून, मग फिरून त्या डोळ्याजवळून. बैलानं पापणी हलवली तर ठीक. एकदा एका बैलानं हलवली नाही. चांगला पांढरा, खांद्याला भरलेला बैल. विकणारा म्हणाला, देवराव, एका डोयाचा हाय पण कामाचा हाय, जोडीत बरोबर बाजूला जुंपला तर कोणाले समजत नाही. बापानं तो घेतला की नाही, ते आठवत नाही. घरी एक पांढरा बैल होता खरा, पण तो तोच होता का? आणि बरोबर बाजू कुठली? आंधळा डोळा जोडीदाराकडे, म्हणजे त्याच्या अंगाचा आधार मिळतो, की चांगला डोळा जोडीदाराकडे, म्हणजे तो दिसत राहतो? यावर दोघांचा वाद झालेला आठवतो, निकाल आठवत नाही. बाप आता नाही. विचारायला कुणी नाही आणि असतं तरी मी काय म्हणून विचारलं असतं?

"काका, हे काय केलंय?" वैभवीनं माझा डबा स्वतःच्या तोंडाला लावला होता. "डावीकडचा नंबर तुम्ही टोकाला नेऊन ठेवलाय. डाव्या काचेतून नुसतं धुकं दिसतंय मला." मी म्हणालो, चष्मा काढून बघतो ना, नंबर मोठा आहे डाव्याचा. ती म्हणाली, एवढा मोठा? मग तिनं चष्मा हातात घेतला, उगाच जाड केलेली ती डावी काच पाहिली आणि "अच्छा" म्हणाली. कधीतरी केलेल्या खोट्यानं आज खोट्याची साक्ष दिली. डिसेंबरात कंपनीच्या तपासणीत असंच निभावलं होतं. डोळ्यांच्या तक्त्यासमोर रांग होती, माझ्या पुढचे तिघं मोठ्यानं अक्षरं वाचत होते, माझी पाळी येईपर्यंत मला ती पाठ झाली. उजवा डोळा झाकला आणि राखाडी जागेकडे बघत घडाघडा म्हणालो. शेवटच्या ओळीत मुद्दाम एक चुकलो. चुकायचं कधी हे कळणं याला मी तेव्हा हुशारी समजलो. घरी येऊन पुष्पलताला म्हणालो, सगळं नॉर्मल. तिनं गुळाचा शिरा केला होता, मी दोनदा घेतला.

सुशील या सगळ्यात होता. डबा लावून उडवणाऱ्या माणसाला स्वतःच्या आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून त्याच्याजवळ एक माणूस उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडे बघत उभा ठेवावा लागतो. तार आली, झाड आलं, कुणी माणूस मध्ये आला, तर त्यानं तोंडानं सांगायचं. माझ्यासाठी कंपनीनं सुशीलला पाठवलं, क्रेनवरची जोडी म्हणून. पण सुशील बोलेचना. शॉपमध्ये एवढा आवाज असतो की अकरा वर्षांत आम्ही तिथं एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही, आमचं जे काय आहे ते हातांनी आहे. पहिल्या दिवशी ड्रोन जाळीकडे चालला तर याचा हात वर, मूठ बंद: थांब. मी डब्यात. ड्रोन जाऊन जाळीत अडकला. वैभवी पोट धरून हसली. "दादा, त्यांना तुमचा हात दिसत नाही! बोला, तोंडानं बोला!" सुशीलनं कान धरले. पुढच्या वेळी तो बोलला, पण हातही हलवत राहिला. कसं कळलं म्हणता? माझ्या चेहऱ्यावर वारा यायचा त्याच्या हाताचा. तीन दिवस मी त्या वाऱ्याची गंमत करत होतो. बसमध्ये त्याला म्हणायचो, "काहून गा, पंखा घालून राहिला काय मले?" तो हसायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

शुक्रवारी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी, वैभवीनं मला मोठा फेरा दिला. मैदानाच्या टोकाला पाण्याची टाकी होती, तिथपर्यंत जायचं, टाकीभोवती फिरायचं, आणि तोंड आमच्याकडे करून परत यायचं. ती स्वतः अंकितला घेऊन दुसऱ्या बाजूला गेली. मी टाकीला वळसा घातला. गंजलेली शिडी, झाकणावर वाळलेलं शेवाळ, एक कबुतर, सगळं कागदावर काढल्यासारखं. पाठीमागे प्लास्टिकची खुर्ची टोचत होती आणि मी टाकीवर होतो. आवाज लांबून येत होता आणि मी त्या आवाजाच्या आत होतो. हे पाच दिवस झाले तरी मला समजलेलं नव्हतं, की अशा वेळी मी कुठं असतो. मी ड्रोन वळवला. मैदान दिसलं, कडुलिंब दिसला, त्याच्या शेजारी दोन माणसं दिसली. एक बसलेला, तोंडाला काळा डबा, टक्कल उन्हात चमकत होतं, आणि त्याची मान सारखी डावीकडे-उजवीकडे हलत होती, दाणा टिपायच्या आधी कावळा बघतो तशी. कोण आहे हा, असं माझ्या मनात खरोखर आलं. कीवही आली. मग कळलं. मी मान थांबवली आणि चित्रातल्या त्या माणसाचीही मान थांबली.

दुसरा माणूस सुशील. चित्रात तो बसलेल्या माणसाच्या डावीकडे दिसत होता. म्हणजे माझ्या आंधळ्या बाजूला, असं मला आधी वाटलं. मग वाटलं, थांब, आपण समोरून बघतो आहोत, चित्रात डावीकडे तो खरा उजवीकडे. पण कॅमेरा तर उलटं दाखवत नाही. मी उलटा झालो आहे. मी जर टाकीजवळ असेन तर तो डावीकडे आहे आणि खुर्चीत असेन तर उजवीकडे. एवढ्या साध्या गोष्टीवर मी लटकून राहिलो, ड्रोनही हवेत लटकून राहिला. तेवढ्यात कानात सुशीलचा आवाज आला, "गिरिधरभाऊ, खाली या हळूहळू, मधात काई नाही." आवाज उजव्या कानात आला. उजवीकडेच होता तो. आणि मग मी त्याचे हात पाहिले. तो हातांनी तेच सांगत होता: खाली, हळू. पण आमचा खाली-हळूचा इशारा बोटाचा असतो, हात पोटाशी ठेवून तर्जनी खाली फिरवायची. सुशील अख्खा हात खांद्यापासून फिरवत होता. कमरेत वाकला होता, अर्धं पाऊल पुढे आला होता, आणि तो हात त्यानं आणला होता बरोबर माझ्या उजव्या डोळ्यासमोर. डबा बांधलेल्या, काही दिसत नसलेल्या माणसाच्या नेमक्या त्या डोळ्यासमोर.

झाडं सगळी डावीकडे होती. लक्ष ठेवायचं तर डावीकडे उभं राहायला पाहिजे होतं. कुणीही तिथंच उभं राहिलं असतं. मी हवेत स्थिर होतो आणि मला शॉप दिसत होतं. वरून, माझ्या खोलीतून दिसतं तसं. सात नंबरचा खांब, डावीकडचा. दहा वर्षं सुशील त्या खांबाजवळ उभा राहायचा. आता तो कुठं उभा राहतो? पिवळ्या कठड्याजवळ. कठडा उजवीकडे आहे. केव्हापासून? मी कधी विचारलं का, जागा का बदलली? विचारलं नाही, कारण मला तो बरा दिसत होता, आणि बरा दिसतो याचा मला आनंद होता. आणि थांबचा हात. थांबचा हात तो हल्ली लवकर द्यायचा, वीतभर राहिली असताना. मी थांबायचो, मग तो स्वतः हात लावून, अंग लावून, उरलेली वीत पुरी करायचा. आठ महिन्यांत एक कॉइल बाहेर पडली नाही. हाताला बावीस वर्षांचं माहीत आहे, म्हणे! माझ्या हाताला काही माहीत नव्हतं. मी वर बसून छाती फुगवत होतो आणि खाली तो मला जुंपून चालवत होता. मला त्याचा राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला. लाज त्यानंतर आली, आणि भीती सगळ्यात शेवटी.

बॅटरी संपत आल्याची टिकटिक सुरू झाली होती. मी ड्रोन खाली आणला, तो तिरपा टेकला आणि मातीत उलटा पडला. डबा काढला. उजेडानं उजवा डोळा पाणावला. सुशील ड्रोन उचलून आणायला धावला, पाती पुसत परत आला, आणि बाटलीतलं पाणी प्यायला लागला. उजवीकडे उभं राहून.

"सुशील," मी म्हणालो, "तुले केव्हापासून माहीत हाय?"

"काय?"

"डोयाचं."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. नीट लावलं, दोन्ही हातांनी. "मारबतीच्या दुसऱ्या दिवसापासून," तो म्हणाला. "तुम्ही पाच नंबरच्या बैठकीवर कॉइल ठेवून राहिले होते. मी हात वर केला, थांबा म्हणून. तुम्ही थांबलेच नाही. मंग तुम्ही मान फिरवली अन् थांबले. कॉइल इतकी होती मायापासून." त्यानं अंगठा आणि करंगळी ताणून स्वतःच्या छातीवर ठेवली. मारबत म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी मी आणि पुष्पलता महाल भागात मिरवणूक बघायला गेलो होतो, गर्दीत तिचा हात धरून चाललो होतो, तिला वाटलं प्रेमानं. दुसऱ्या दिवशी कामावर काय झालं, मला काही आठवत नव्हतं. एक माणूस माझ्या हातून वीतभरानं वाचला होता आणि मला तो दिवस इतर दिवसांत मिसळून गेलेला होता.

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही तरी मले कुठं सांगितलं?"

"मी तुले मारलं असतं गा."

"हाव," तो म्हणाला. "मारलं असतं."

"मंग?"

तो खाली मातीवर बसला, बूट काढला, मोजा काढला. उजव्या पायाला करंगळी नव्हती. मला माहीत होतं ते, सगळ्यांनाच माहीत होतं, माझ्याकडे यायच्या आधी तो दुसऱ्या क्रेनखाली होता, तिथल्या ऑपरेटरच्या वेळचं. पण त्यानं ते मला असं कधी दाखवलं नव्हतं. "त्याले दोन डोये होते," सुशील म्हणाला. "एक मोबाईलवर राहे अन् दुसराही मोबाईलवर राहे. मी खाली हात हलवून हलवून मरे. तुमच्याकडे आलो तं तुम्ही मायाकडे पाहून राहिले. पहिल्या दिवसापासून. आता एका डोयानं पाह्यता, पण पाह्यता. सांगितलं असतं तं तुमच्या जागी कोण आला असता, मले काय माहीत?" मोजा घालता घालता तो पुढे म्हणाला, "अन् आता तं तुम्ही पास होऊनच राहिले. तीन हप्ते राहिले. होऊन जाईल."

होऊन जाईल. मीही गेले कित्येक दिवस हेच म्हणत होतो, याच शब्दांत. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र ते मला असह्य झालं. आपण एकटेच गुपित धरून बसलो आहोत असं वाटत होतं तोवर मी ते धरू शकत होतो. ते त्याच्या छातीवर ठेवलेलं होतं हे कळल्यावर कसं धरायचं? पण तोच तर म्हणतोय, ठेवा. ज्याला मरायची भीती तोच म्हणतोय. मग मला काय अधिकार? की त्याच्या म्हणण्याला हो म्हणणं, हेच मी आठ महिने करत आलो, त्याला न विचारता? काही जुळेना. विचार करायला लागलो की प्रत्येक गोष्ट दुसऱ्या बाजूनं उलटी दिसत होती. मी खिशातून फोन काढला. विचार संपला म्हणून नव्हे, संपत नव्हता म्हणून. मधुसूदन साहेब आमचे पाळीप्रमुख. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

"साहेब, सोमवारी मले क्रेनवर घेऊ नका."

"काहून? बदली तं एक तारखेपासून हाय ना."

"मले डाव्या डोयानं दिसत नाही, साहेब."

तिकडे शॉपचा आवाज येत होता. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि शॉप बंद झालं. "केव्हापासून?"

"आठ महिने झाले."

"आठ महिने." साहेबांनी तेच परत म्हटलं. मला वाटलं, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मेडिकल तं झालं होतं तुमचं डिसेंबरमधे," ते म्हणाले. "ते नंतर पाहू. अन् त्या ड्रोनचंही नंतर पाहू, त्याले चालते का नाही चालत, मले माहीत नाही. गिरिधर, एक सांगा. सुशील खाली उभा राह्यते. त्याले माहीत होतं?"

सुशील कायम नव्हता. ठेकेदाराचा माणूस. त्याचं एका गेटपासावर चालायचं आणि गेटपास जायला एक फोन पुरे. एवढ्या उशिरा का होईना, एक गोष्ट तरी त्याच्यासाठी करता येईल असं मला वाटलं. या वेळी मी नीट ठरवून बोललो.

"नाही साहेब," मी म्हणालो. "त्याले काई माहीत नव्हतं."

सुशील उभा राहिला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पायाचं बोट दाखवताना नव्हता, छातीवर वीत ठेवताना नव्हता. "काहून खोटं बोलता?" तो म्हणाला. हळू बोलला. "अकरा वर्षं झाले तुमच्या तोंडाकडे पाहून काम करून राहिलो. अन् मले समजलंच नाही म्हणता? मंग मी खाली उभा राहून काय करून राहिलो होतो?"

मी फोनवर तळहात ठेवला. "गेटपास जाईल गा तुहा."

"जाऊ द्या. द्या इकडे."

साहेब तळहाताखालून हॅलो, हॅलो करत होते. मी फोन त्याच्या हातात दिला.